बदलतें हवामान आणि कांद्याचें पीक

ज्या घरांत कांदा लागत नाहीं असें घर आपल्याकडे विरळाच. बाजारांत त्याचा भाव चढला कीं आपण हळहळतों. परंतु तो कां चढला, याचा विचार सहसा करीत नाहीं. पुष्कळदां त्याचें कारण शेतावरच्या आभाळांत असतें. यास्तव नाशिक जिल्ह्यांतील लासलगांव, निफाड, येवला या बाजूचा शेतकरी पालटत्या हवामानाशीं कसा झगडतो, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या भागांत कांदा वर्षांतून तीन वेळां घेतात. पावसाळी कांदा जुलै-ऑगस्टांत लावितात व तो दिवाळीच्या सुमारास निघूं लागतो. रांगडा कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरांत लावून जानेवारीपासून काढितात. आणि उन्हाळी कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारींत होऊन काढणी एप्रिल-मे महिन्यांत होते. यांपैकीं उन्हाळी कांदा तेवढा टिकाऊ; पावसाळ्याचे चार महिने सर्वांची भिस्त त्यावरच असते.

हें वेळापत्रक वाडवडिलांनीं पाऊस, थंडी व ऊन यांचा क्रम पाहून बसविलें होतें. आतां तो क्रमच ढळूं लागला आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु वाढला आहे. यंत्रयुगापूर्वीं दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायु उष्णता कोंडून धरितो. हवा एक अंश सेल्सियसनें तापली म्हणजे तिच्यांत सुमारें ७ टक्के अधिक वाफ मावते. त्यामुळें पाऊस येतो तेव्हां एकदम कोसळतो, आणि मधले दिवस कोरडे जातात. मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तीर्ण प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत सुमारें तिप्पट झाले.

प्रत्येक गारपिटीचें खापर या एकाच कारणावर फोडणें शास्त्राला धरून होणार नाहीं. तथापि लहरी हवामानाचा घाव केवढा बसतो, हें दोन उदाहरणांवरून कळेल. २०१४ सालीं फेब्रुवारीअखेर व मार्चांत महाराष्ट्रांत गारा पडून उभीं पिकें आडवीं झालीं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पाऊस हटेना; पुष्कळ कांदा शेतांतच सडला, आणि डिसेंबरांत शहरोशहरीं त्याचा भाव किलोला शंभर रुपयांवर गेला.

मग शेतकरी करितो तरी काय? पहिली गोष्ट, तो गादीवाफे करितो. सपाट वाफ्यांत पाणी तुंबलें कीं मुळें गुदमरतात व रोग फैलावतो. म्हणून सुमारें चार फूट रुंद व अर्धा फूट उंच वाफे करून मधून दीड फुटांच्या सऱ्या ठेवितात. जादा पाणी सरींतून निघून जातें. वाफ्यावर ठिबकाच्या नळ्या अंथरल्या म्हणजे शेततळ्यांत साठविलेल्या थोडक्या पाण्यावरहि कोरडे दिवस निभावतात.

दुसरी गोष्ट रोपांची. कांद्याचें रोप तयार होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तें एका मुसळधार पावसांत गेलें, तर पुन्हा पेरावयास हंगाम उरत नाहीं. यास्तव जाणता शेतकरी सगळें बियाणें एकाच दिवशीं न टाकतां कांहीं दिवसांच्या अंतरानें टाकितो. वाणहि तो हंगाम पाहून निवडितो. राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संस्थेनें 'भीमा सुपर' हा वाण पावसाळ्यासाठीं, तर टिकाऊ असा 'भीमा किरण' उन्हाळी हंगामासाठीं काढिला आहे.

तिसरी गोष्ट चाळीची. उन्हाळी कांदा उपटल्यावर तीन दिवस शेतांतच ठेवितात व एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीनें झांकितात. मग पात कापून दहा-बारा दिवस सावलींत सुकवितात, आणि खालून व बाजूंनीं वारा खेळेल अशा चाळींत भरितात. याच दिवसांत अवकाळी पाऊस आला तर भिजलेला कांदा चाळींत टिकत नाहीं. म्हणून ताडपत्री हाताशीं लागते.

या सर्व उपायांचें मर्म एकच : आभाळ बेभरंवशाचें झालें, तेव्हां त्याच्यापासून थोडी सवड मिळविणें. पण ही सवड फुकट मिळत नाहीं. ठिबक, शेततळें व चाळ यांस सरकारी अनुदान असलें तरी बाकीचा खर्च पदरचा असतो. दोन एकरांचा धनी तो बहुधा कर्ज काढूनच करितो. त्याच सालीं गार पडली तर पीक जातें व कर्ज उरतें. ज्याला चाळ नाहीं, त्याला पडत्या भावांतहि माल विकावा लागतो. जो उपाय परवडत नाहीं, तो उपाय नव्हेच, हें धोरण आंखणारांनीं विसरूं नये.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांच्या घरीं शेती आहे, त्यांस एक काम सुचवितों. सपाट बुडाचें, सरळ कडांचें एक भांडें अंगणांत उघड्यावर ठेवावें व रोज सकाळीं त्यांतील पाणी पट्टीनें मोजावें. पावसाचा हा आंकडा, पेरणीची तारीख व निघालेलें पीक वहींत टिपून ठेवावें. वाडवडिलांनीं आपलें वेळापत्रक अनुभवानें बसविलें. नवें वेळापत्रकहि अशाच नोंदींतून बसवावें लागेल, आणि वडील व मुलें यांनीं मिळून तें करण्याजोगें आहे.