आभासी शर्यतीसाठी विद्यार्थी-फॉर्म्युला मोटारीची रचना

अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात १९८१ साली ‘फॉर्म्युला एसएई’ ही स्पर्धा प्रथम भरली. एका आसनाची, उघड्या चाकांची लहानशी शर्यतीची मोटार विद्यार्थ्यांनीच आखावी, त्यांनीच घडवावी, त्यांनीच हाकावी आणि तिच्या रचनेचे समर्थन अनुभवी अभियंत्यांपुढे त्यांनीच करावे, ही तिच्यामागील कल्पना होय. इंग्लंडमध्ये १९९८ पासून ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या नावाने ही कल्पना रुजली. भारतात कोइमतूर येथील कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा भरत आली आहे, आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थी आपली विद्युत् मोटार घेऊन सिल्व्हरस्टोनपर्यंत जाऊन आले आहेत. तथापि अशी मोटार उभी करावयाची म्हणजे कार्यशाळा, कुशल जोडारी, पुरस्कर्ते आणि निदान एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष पाहिजे. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही अशा विद्यार्थ्याला अलीकडे दुसरी एक वाट मोकळी झाली आहे. ‘असेटो कोर्सा’ (२०१४) यासारख्या आभासी शर्यतीच्या संगणक-प्रणालींत प्रत्येक मोटारीचे गुणधर्म आकड्यांच्या रूपाने लिहून ठेवलेले असतात. वजन, गुरुत्वमध्याची उंची, स्प्रिंगांचा ताठपणा, टायरांचे घर्षण असे आकडे नव्याने लिहिले की जगात कोठेही नसलेली मोटार पडद्यावर धावू लागते.

येथेच अडचणीचा आरंभ होतो. लोखंड वाकते, जोड तुटतो, पैसा संपतो. वास्तवातील रचनाकाराला असे पदोपदी अडवणारे काहीतरी असते. आकड्यांच्या कार्यशाळेत अडवणारे कोणीच नाही. घर्षणांक १·५ ऐवजी २·५ लिहिला तरी संगणक तक्रार करीत नाही. उलट फेरीची वेळ सुधारते आणि रचनाकाराला आपली बुद्धी फळाला आल्याचा भास होतो. म्हणून कल्पित मोटारीच्या रचनेतील खरा प्रश्न ती वेगवान कशी करावी हा नसून, तिला विरोध करणारी सत्ये कोठून आणावी हा आहे.

निर्बंध मुळीच न पाळता केलेली कल्पना काय रूप घेते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो ५’ या खेळासाठी २०१० मध्ये रेड बुलच्या एड्रियन न्यूई यांच्या सहभागाने एक्स २०१० ही मोटार आखण्यात आली. नियमच नसतील तर सर्वांत वेगवान मोटार कशी असेल, हा तिचा विषय. तिच्यात मोटारीखालची हवा पंख्याने शोषून तिला जमिनीशी जखडून ठेवण्याची योजना होती. ही युक्ती काही नवी नव्हे. १९७० च्या शॅपरल २जे या मोटारीने ती वापरली आणि तिच्यावर बंदी आली. १९७८ मध्ये ब्रॅबम बीटी४६बी या मोटारीने निकी लाउडाच्या हाती स्वीडिश ग्रां प्री जिंकली आणि ती पुन्हा शर्यतीत उतरली नाही. न्यूई यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांची कल्पना स्वैर असली तरी तिच्यामागील भौतिकी तपासलेली होती. पुढे २०२३ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतील विद्यार्थ्यांनी सुमारे १४० किलोग्रॅम वजनाची, शोषणाच्या याच तत्त्वाचा आधार घेणारी ‘मिथेन’ ही विद्युत् मोटार प्रत्यक्ष धावडली आणि ताशी १०० किलोमीटरचा वेग अवघ्या ०·९५६ सेकंदात गाठला. मात्र तो विक्रम स्पर्धेच्या शक्तिमर्यादेत राहून केलेला नव्हता. स्पर्धेत विद्युत् मोटारीला ८० किलोवॅटांवर शक्ती वापरता येत नाही.

नवशिक्याने या वाटेने न जाता प्रथम नियमपुस्तक उघडावे, हे श्रेयस्कर. विद्यार्थी-स्पर्धेचे नियम वरवर कंटाळवाणे दिसतात. परंतु कल्पित मोटारीला पहिला विरोध तेच पुरवतात. पेट्रोल इंजिनाचे आकारमान ७१० घन सेंटिमीटरपर्यंत असावे, दोन आसांतील अंतर निदान १५२५ मिलिमीटर असावे, आणि इंजिनात जाणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गोल गळ्यातून, म्हणजे ‘रिस्ट्रिक्टर’मधून, जावी. या शेवटच्या नियमाचा अर्थ फार खोल आहे. गळ्यातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की पुढे कितीही शोषण केले तरी प्रवाह वाढत नाही. सामान्य दाब आणि सुमारे २७ अंश सेल्सियस तापमान धरून हिशेब केल्यास २० मिलिमीटरच्या गळ्यातून सेकंदाला जास्तीत जास्त ७४ ग्रॅम हवा जाऊ शकते. तेरा भाग हवेला एक भाग इंधन हे प्रमाण धरले तर सेकंदाला ५·७ ग्रॅम पेट्रोल जळेल, त्यातून सुमारे २५० किलोवॅट उष्णता निघेल आणि तीस टक्के कार्यक्षमतेने ७५ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ १०० अश्वशक्ती, चाकांकडे निघेल. गळ्यातील हानी जमेस धरता प्रत्यक्ष आकडा याहूनही खाली येतो.

आभासी मोटारींत नेहमी आढळणारी एक चूक यावरून ध्यानी येते. रचनाकार ६०० घन सेंटिमीटरच्या एखाद्या मोटारसायकलीचा शक्तिआलेख जसाच्या तसा उचलतो. परंतु ते इंजिन गळ्याशिवायचे असते. गळा बसवल्यावर, वरील हिशेबाप्रमाणे, मिनिटाला साडेबारा हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि इंजिनातील प्रवाह स्पंदमान असल्यामुळे वास्तवात त्याच्या बऱ्याच आधी, हवेचा पुरवठा कुंठित होतो. त्यापुढे शक्ती वाढत नाही आणि अंतर्गत घर्षण तेवढे वाढत राहते. अशा मोटारीचा आलेख मधल्या फेऱ्यांत भरदार आणि वर लवकर झुकणारा असला पाहिजे. गिअरची प्रमाणे ठरतात तीही त्यावरूनच.

रिस्ट्रिक्टर इंजिनाला आवरतो. टायरला आवरणारे असे एखादे कलम नाही. म्हणून सर्वाधिक आत्मवंचना तेथेच घडते. मोटार आणि जमीन यांच्यातील सर्व व्यवहार हाताच्या पंजाएवढ्या चार ठशांतून चालतो. वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याच दिशेला तो नेमका जात नाही. या दोन दिशांतील कोनाला घसरकोन म्हणता येईल. कोन वाढला की बाजूचे बल प्रथम झपाट्याने वाढते, मग त्याची वाढ मंदावते, ते शिखर गाठते आणि किंचित उतरते. या वक्राला सोईस्कर गणिती रूप देण्याचे श्रेय डेल्फ्ट येथील हान्स पासेइका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आहे. १९८७ च्या सुमारास पुढे आलेल्या त्यांच्या सूत्राला ‘जादूचे सूत्र’ हे नाव पडले, कारण ते रबराच्या भौतिकीतून निष्पन्न झालेले नाही. ज्या आणि व्यस्त स्पर्शज्या यांची अशी काही गुंफण त्यात आहे की मोजलेल्या बिंदूंवर ते चपखल बसते. याचाच दुसरा अर्थ असा की, जेथे मोजमाप झालेले नाही तेथे ते काहीही सांगू शकते.

मोजमापांसाठी विद्यार्थी-संघांनी एक उत्तम व्यवस्था उभी केली आहे. फॉर्म्युला एसएई टायर टेस्ट कन्सॉर्शियम या सामायिक उपक्रमातून या मोटारींत वापरले जाणारे टायर अमेरिकेतील बफेलो येथील कॅलस्पॅनच्या सपाट पट्ट्याच्या यंत्रावर तपासले गेले आणि ती माहिती सभासद-संघांना खुली झाली. येथेही सावधगिरी हवी. यंत्राच्या पट्ट्यावरील खरखरीत आवरणाची पकड डांबरी रस्त्यापेक्षा बरीच अधिक असते. त्यामुळे अनुभवी संघ तेथील घर्षणाचे आकडे घटवूनच वापरतात. पट्ट्यावरचा आकडा तसाच आभासी मोटारीला चिकटवणारा विद्यार्थी खोटे लिहीत नाही, पण जे लिहितो ते दुसऱ्याच रस्त्याचे असते.

दुसरी बाब भाराची. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. उदाहरणादाखल गृहीत आकडे घेऊ. एका आसावरील दोन टायरांवर प्रत्येकी ७०० न्यूटन भार असून घर्षणांक १·६ आहे. दोघांची मिळून पकड २२४० न्यूटन. वळणावर ४०० न्यूटन भार आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर गेला. बाहेरच्यावर ११०० न्यूटन आणि घर्षणांक १·५, आतल्यावर ३०० न्यूटन आणि घर्षणांक १·७ असे धरल्यास बेरीज २१६० न्यूटन भरते. एकूण भार तोच, पण पकड साडेतीन टक्क्यांनी उणी झाली. गुरुत्वमध्य खाली का ठेवावा, दोन चाकांतील अंतर किती असावे, पुढे-मागे आवर्तन-विरोधी दांड्यांचे ताठपण कसे वाटावे, या सर्व प्रश्नांचे मूळ या ८० न्यूटनांत आहे. ज्या कल्पित मोटारीत घर्षणांक भाराबरोबर बदलत नाही तिच्यावर हे प्रश्न विचारताच येत नाहीत. तिच्या सस्पेन्शनमध्ये काहीही फेरबदल केले तरी मर्यादेवरील पुढच्या-मागच्या पकडीचा तोल त्यांच्याकडे ढुंकूनही पाहात नाही.

आकडे प्रामाणिक आहेत की नाहीत हे पाहण्याची सोपी कसोटी स्पर्धेतच आहे. ‘स्किडपॅड’ या चाचणीत मोटार इंग्रजी आठच्या आकड्यात फिरते. आतल्या वर्तुळाचा व्यास १५·२५ मीटर आणि मार्गाची रुंदी ३ मीटर. मार्गाच्या मध्यरेषेची त्रिज्या ९·१२५ मीटर धरून एक फेरी ५ सेकंदांत झाली, तर वेग सेकंदाला ११·५ मीटर, म्हणजे ताशी ४१ किलोमीटर, आणि पार्श्विक त्वरण गुरुत्वत्वरणाच्या १·४७ पट येते. चालकाने आतली कड धरून ८·४ मीटर त्रिज्येवर तीच वेळ साधली तर १·३५ पटच पुरते. आता पंखांचा हिशेब पाहावा. अधोबल-गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार ४ चौरस मीटर धरला, आणि तो आकडा लहान नव्हे, तर या वेगाला सुमारे ३१५ न्यूटन अधोबल मिळते. चालकासह २८० किलोग्रॅमच्या मोटारीच्या वजनाचा हा जेमतेम नववा भाग झाला. तेव्हा एखादी कल्पित मोटार हे वर्तुळ ४ सेकंदांत पुरे करीत असेल, तर मध्यरेषेवर तिला २·३ पट त्वरण लागेल आणि ते पंखांच्या माथी मारता येणार नाही. टायरच्या संचिकेतच काहीतरी फुगलेले आहे. इतकी स्वस्त आणि इतकी निष्ठुर कसोटी दुसरी नाही.

मोटार कोणत्या मार्गावर हाकावयाची, यालाही महत्त्व आहे. विद्यार्थी-मोटारींची शर्यत सिल्व्हरस्टोन किंवा होकनहाइम येथे भरली तरी ती त्या विख्यात परिक्रमापथावर होत नाही. शंकू मांडून आखलेल्या अरुंद, नागमोडी वाटेवर होते. अमेरिकन नियमांप्रमाणे सुमारे २२ किलोमीटरच्या सहनशक्ती-चाचणीत सरासरी वेग ताशी ४८ ते ५७ किलोमीटर अपेक्षित असतो. म्हणूनच या मोटारी आखूड असतात, आणि हवेचा रोध सोसूनही अंगापेक्षा मोठे पंख मिरवतात. तीच मोटार आभासी जगात लांब सरळ पट्ट्यांवर नेली की ती दुबळी भासते, आणि खेळाडू लगेच पंख कापतो, शक्ती वाढवतो. मोटार बिघडते ती अशी, दुसऱ्याच मार्गावर बसवण्याच्या नादात.

कल्पनेचा अतिरेक एके ठिकाणी मात्र गणितच अडवते. संगणक मोटारीची गती अखंड सोडवीत नाही. लहान लहान कालपायऱ्यांनी सोडवतो. असेटो कोर्साची भौतिकी सेकंदाला ३३३ वेळा, म्हणजे दर ३ मिलिसेकंदांनी, पुढे सरकते. चाक आणि त्याच्याबरोबर हलणारे भाग १० किलोग्रॅमचे आणि टायरचा उभा ताठपणा मिलिमीटरला १०० न्यूटन असेल तर त्याची स्वाभाविक वारंवारता सुमारे १६ हर्ट्झ येते. ३ मिलिसेकंदांची पायरी तिला सहज पुरते. रचनाकाराने लोभाने तेच वस्तुमान २०० ग्रॅम लिहिले, तर वारंवारता ११० हर्ट्झपुढे जाते. कोनीय वारंवारता आणि कालपायरी यांचा गुणाकार २ पेक्षा मोठा झाला की साध्या पायरीवार पद्धती अस्थिर होतात, आणि येथे तो २·१ भरतो. परिणामी चाक थरथरू लागते आणि मोटार आकाशात फेकली जाते. पाहणाऱ्याला हसू येते खरे, पण आकड्यांच्या जगात निसर्गासारखा कठोर नकार मिळण्याचा हा एक विरळा प्रसंग आहे.

याउलट ज्या ठिकाणी नकार मिळावयास हवा तेथे तो मिळत नाही, अशी स्थळे पुष्कळ. बहुतेक आभासी प्रणाली मोटारीचा सांगाडा पूर्णपणे दृढ मानतात. वास्तवात नळ्यांचा सांगाडा पिळवटतो, आणि तो सस्पेन्शनच्या मानाने पुरेसा ताठ नसेल तर दांड्यांचे ताठपण बदलून पुढच्या-मागच्या पकडीचा तोल साधण्याचा प्रयत्न सांगाड्यातच जिरून जातो. निरूढी-परिबल, म्हणजे मोटार स्वतःभोवती फिरवताना होणारा विरोध, हा आकडाही पुष्कळदा अंदाजानेच लिहिलेला असतो. वास्तविक प्रत्येक मोठ्या भागाचे वस्तुमान आणि गुरुत्वमध्यापासूनचे अंतर यांची एक तक्ताबंद बेरीज केली तर तो एका संध्याकाळी मिळण्यासारखा आहे. तापलेले पाणी, सैल झालेली साखळी, तुटलेली तार यांची तर गोष्टच नको. सहनशक्ती-चाचणीत मध्यंतरी चालक बदलतो, मोटार बंद करून पुन्हा सुरू करावी लागते, आणि तापलेले इंजिन सुरूच न झाल्याने वर्षाचे श्रम तेथेच थांबल्याचे प्रसंग घडतात. पडद्यावरील इंजिन नेहमी सुरू होते.

प्रत्यक्ष स्पर्धेतील १००० गुणांपैकी १५० गुण रचनेच्या परीक्षेला असतात, आणि परीक्षक फेरीची वेळ विचारीत नाहीत. हा आकडा कोठून आला, हे विचारतात. आभासी मोटारीच्या रचनाकारानेही प्रत्येक आकड्याशेजारी ‘मोजलेला’, ‘हिशेबाने आलेला’ किंवा ‘गृहीत’ यांपैकी एक शब्द लिहावा. पहिल्या मसुद्यात तिसराच शब्द सर्वांत अधिक वेळा येईल, आणि तो कोणत्या संचिकेत दाटला आहे यावरून पुढील कामाचा क्रम आपोआप ठरेल. बहुधा ती संचिका टायरचीच निघेल.