सुरस गोष्टी घरांत वाचाव्या कीं नाहीं?

मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ज्याचें नांव आदरानें, पण किंचित् भीतीनेंही घेतलें जातें, असें एक पुस्तक म्हणजे कृष्णशास्त्री चिपळूणकरांचें ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. आदर भाषेविषयीं आणि भीति मजकुराविषयीं. तें मुलांच्या हातीं द्यावें कीं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावें, हा वाद आजोबा, सुना व नातवंडें एकत्र नांदतात अशा घरांतून अजून मिटलेला नाहीं. आज त्याचा विचार पुन्हां करण्याचें कारण असें कीं, अल्लाउद्दीन आतां मुलांस पडद्यावर भेटतो, आणि बहुधा तो मराठी बोलत नाहीं.

या पुस्तकाचा रत्नागिरीशीं ऋणानुबंध आहे. शास्त्रीबोवांचें (१८२४-१८७८) आडनांव मुळीं याच जिल्ह्यांतील चिपळुणाचें. त्यांचे चिरंजीव निबंधमालाकार विष्णुशास्त्री हे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षक होते. १८७९ सालीं सरकारी नोकरी सोडून त्यांनीं १८८० च्या आरंभीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. शिवाय ज्या गांवीं १८२८ सालीं वाचनालय स्थापन झालें, त्या गांवास ग्रंथाची थोरवी निराळी सांगावयास नको.

या गोष्टी परक्या आहेत, असा एक आक्षेप असतो. तो आम्हांस पटत नाहीं. दहाव्या शतकाच्या आरंभीं अल-मसूदी हा अरब इतिहासकार आपल्या कोंकण किनाऱ्यावर चौलास येऊन गेला होता. याच मसूदीच्या ग्रंथांत ‘हजार गोष्टी’ अशा अर्थाच्या नांवाच्या एका फारसी संग्रहाचा फार जुना उल्लेख सांपडतो. गोष्टींत गोष्ट गुंफण्याची रीत तर पंचतंत्र, वेताळपंचविशी व शुकसप्तति यांमुळें आपल्या पूर्ण ओळखीची. ती हिंदुस्थानांतूनच इराणमार्गें तिकडे गेली, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. म्हणजे गलबतांतून माल जावा आणि नवें रूप घेऊन परत यावा, तसाच हा प्रकार झाला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या गोष्टींत क्रौर्य आहे, गुलामगिरी आहे, स्त्रियांची निंदाही आहे. हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु संग्रहाचा पायाच पाहा. एका राणीनें फसविलें म्हणून सुलतान शहरियार रोज नवी वधू करून दुसऱ्या दिवशीं तिचा वध करवितो. त्यास थांबविते ती वजिराची बहुश्रुत कन्या शहरजाद, आणि तेंही शस्त्रानें किंवा उपदेशानें नव्हे, तर रोज अर्धी राहिलेली गोष्ट सांगून. अलीबाबाचें घर चोरांपासून वांचतें तें त्याच्या दासीच्या चतुराईनें. जेथें निंदा आहे तेथेंच तिचें उत्तरही आहे. मात्र तें दाखवून देण्यास जवळ कोणी वडील माणूस बसलेलें पाहिजे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, हें पुस्तक मुलांच्या हातीं नुसतें देऊं नये आणि लपवूंही नये. तें मोठ्यानें वाचून दाखवावें. तें ऐकण्यासाठींच जन्मलें आहे. गालां या फ्रेंच पंडितानें १७०४ पासून या कथा युरोपांत प्रसिद्ध केल्या. त्यांपैकीं अल्लाउद्दीन व अलीबाबा यांच्या कथा त्यास कोणत्याही अरबी पोथींत मिळाल्या नव्हत्या. १७०९ सालीं पॅरिसमध्यें हन्ना दियाब नांवाच्या सिरियांतील एका तरुणाच्या तोंडून त्यानें त्या ऐकल्या.

प्रथम कोळी व जिन, मग सिंदबादच्या सफरी, मग अलीबाबा, असा क्रम ठेवावा. मिरकरवाड्यास जाळीं ओढतांना ज्यानें पाहिलीं आहेत, त्या मुलास कोळ्याच्या जाळ्यांत घडा कसा आला हें समजावून सांगावें लागत नाहीं. राक्षसासारखा जिन युक्तीनें पुन्हां घड्यांत कसा गेला, एवढेंच ऐकण्यास तें उत्सुक असतें. प्रौढांच्या कथा मुलें प्रौढ झाल्यावर वाचतील.

यांत केवळ करमणुकीचा प्रश्न नाहीं. शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी झाल्यामुळें आजीचे शब्द नातवंडांस कळेनासे होत आहेत. अडलेला शब्द विचारला जातो तो ऐकतांना, कारण गोष्ट पुढें जावी अशी घाई असते; आणि त्याचा अर्थ सांगतांना आजीस आपलें घरांतील महत्त्व पुन्हां सांपडतें. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास पुरे. वाचणाराची पाळी बदलावी, सुनांनीं व मुलींनींही वाचावें, आणि ऐन संकटाच्या जागीं पुस्तक मिटावें. दुसऱ्या रात्रीं मुलांस बोलवावें लागणार नाहीं. शहरजादेची ही युक्ति सुलतानावर चालली, ती नातवंडांवर चालणार नाहीं असें होणार नाहीं.