यंत्राचा धनी

रानवाटेच्या एन्ड्युरो मोटारसायकलचा धनी कोणाला म्हणावे? इंग्लंडात कार्लाइल येथे १९१३ साली सुरू झालेल्या सहा दिवसांच्या कसोटीत याचे उत्तर सापडते. तेथे टायर फाटला तरी पान्याला हात स्वाराचाच लागला पाहिजे. चौकटीवर व इंजिनाच्या कवचावर आरंभीच खुणा करतात. ते भाग बदलून मोकळे होता येत नाही. आम्हां कामगारांना हा नियम फार आवडतो.

या गाडीचा पहिला वैरी धूळ. तिची हवेची गाळणी बहुधा फोमची असते. ती धुवावी, पुरती वाळवावी, खास तेलात मळून पिळावी. धूळ धरतो तो तेलाचा चिकटपणा. कोरडीच बसवली की बारीक रेती आत शिरून पिस्टनच्या कड्या खाते. पेट्रोलने मात्र धुऊ नये, सांधे सुटतात.

साखळी ताठ ठेवण्याची पुष्कळांना हौस. पण धक्क्याने मागचे चाक वर गेले की ती आणखी ताणते आणि गिअरपेटीच्या बेअरिंगवर भार येतो. म्हणून सैलपणा हवाच.

आणि हो, गावच्या मिस्त्रीच्या पोटावर आम्ही उठलेलो नाही. इंजिन उघडायचे झाल्यास त्याच्याकडेच जावे, व मजुरीत घासाघीस करू नये.