शेवळांबरोबर काकडं का विकतात

मृगाच्या आगेमागे ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळ म्हणजे सुरणाच्या एका रानटी भावंडाचा फुलोरा, जांभळट-तपकिरी आवरणात गुंडाळलेला. जुडीच्या शेजारी हिरव्या, आंबट काकडांचा वाटा असतो. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, या दोन वेगळ्या भाज्या. पण काकडांशिवाय नुसती शेवळं घेऊन गेलात तर फजिती ठरलेली. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग खाजरा म्हणून टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरून परतायचं आणि ठेचलेल्या काकडांच्या रसात शिजवायचं. काकडं नसतील तर चिंच किंवा कोकम, पण आंबट हवंच. तेव्हा ‘शेवळ खाता येतं का?’ या प्रश्नाला नुसतं हो म्हणणं हे अर्धवट उत्तर झालं. रानभाजीच्या बाबतीत खाण्याजोगेपणा झाडाच्या नावात नसतो. कोणता भाग, कोणत्या दिवसांत आणि कसा शिजवून, हे तीन तपशील नावाला जोडले की मगच ती भाजी होते.

करांद्याच्या कडू जातीचे काप राखेच्या पाण्यात उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून मग खातात. बांबूचे कोवळे कोंब चिरून, भिजवून, पाणी बदलून शिजवतात, कारण कच्च्या कोंबात सायनाइड सुटू शकेल अशी द्रव्यं असतात. भारंगीचा पाला उकडून पिळतात आणि कडू पाणी फेकतात. हे सोपस्कार चवीसाठी आहेत असं समजून शहरातलं स्वयंपाकघर घाईत त्यातली एखादी पायरी गाळतं, आणि गोम तिथेच आहे. पाककृतीतली जी पायरी सर्वांत कंटाळवाणी वाटते, तीच बहुधा विष काढणारी असते.

अर्थात ओळखच चुकली तर पुढची कृती कितीही नेटकी असून उपयोग नाही. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला उगवणारा टाकळा घ्या. मोठ्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या आणि टोकं गोलसर, ही त्याची खूण. त्याचाच भाऊबंद कासविंदा शेजारी उगवतो. त्याच्या जोड्या जास्त असतात आणि टोकं निमुळती. रोप बोटभर असताना जोड्यांचा हिशेब लागत नाही, आणि भाजी तर नेमकी तेव्हाच खुडायची असते, म्हणून पर्णिकेच्या टोकाचा आकार पाहायचा. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी पावसाळ्यानंतर लहान मुलं एका आजाराने दगावत आणि तो विषाणूजन्य मेंदूज्वर समजला जाई. 2007 च्या सुमारास डॉक्टरांनी दाखवून दिलं की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या; यकृत, स्नायू आणि मेंदू यांना एकदम इजा होत होती. याच बिया भाजून, दळून कॉफीऐवजी उकळण्याची रीत काही देशांत आहे. झाड तेच, पण कच्चं बी आणि भाजलेलं बी यांचा हिशेब वेगळा.

कंदांची गोष्ट याहून अवघड. कळलावी फुलली की कोणीही ओळखतो: ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं, आणि दोऱ्यासारखं वळून आधाराला विळखा घालणारं पानाचं टोक. पण कंद खणायच्या दिवसांत वेल वाळलेला असतो. ना फूल, ना पान. हातात येतो नांगराच्या आकाराचा मांसल कंद. म्हणूनच संस्कृतात कळलावीला लांगली, म्हणजे नांगरासारखी, म्हणतात. कोणी तो कोनफळासारखा उकडला, तरी त्यातलं कॉल्चिसिन उकळून नाहीसं होत नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, शरीरातली खरी पडझड त्याहून उशिरा होते.

या उशिरामुळेच ‘थोडं चाखून पाहावं, काही झालं नाही तर खावं’ हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो. जी गोष्ट पाखरं खातात ती माणसाला चालते, हाही तसलाच भ्रम. काजऱ्याची फळं धनेश आवडीने खातो. त्यांच्या बियांत स्ट्रिक्निन असतं. कडू ते विषारी म्हणावं तर कारलं बाद होईल, आणि चीक निघतो ते विषारी म्हणावं तर करवंद. झटपट कसोट्या लोकप्रिय होतात त्या सोप्या असतात म्हणून. खऱ्या असतात म्हणून नव्हे.

आता कोणी म्हणेल, मोबाइलमधलं ॲप फोटोवरून नाव सांगतं, मग एवढी चिंता कशाला? फुललेल्या झाडासाठी ते अनेकदा बरं काम करतं. पण आपण भाजी खुडतो ती कोवळ्या वयात, ओळखीच्या खुणा उमटायच्या आधी. आणि नाव बरोबर आलं तरी कोणता भाग टाकायचा हे फोटोत दिसत नाही. दुसरा आक्षेप उलट टोकाचा: एवढा धोका आहे तर खाऊच नये. हेही पटत नाही. कुर्डू, घोळ, टाकळा, फोडशी यांवर डोंगरातल्या घरांचा पावसाळा पिढ्यानपिढ्या निघतो, तो नशिबाच्या जोरावर नव्हे. तिथली मुलगी आईबरोबर तीच वाट, तेच झाड वर्षाचे बारा महिने पाहते. कोंबापासून वाळलेल्या वेलापर्यंत सगळी रूपं तिच्या ओळखीची असतात. शनिवार-रविवारी ट्रेकला जाणाऱ्याकडे ती ओळख नाही, एवढाच फरक. पण तो जिवावर बेतणारा आहे. मात्र जुन्या माहितीलाही मर्यादा आहे: तीच भाजी फवारणी झालेल्या बांधावरची किंवा गटाराकाठची असेल, तर आजीचं ज्ञान तिथे पुरत नाही.

म्हणून रानभाजी विकत घ्या, पण भाव विचारण्याआधी ‘कशी करायची, काय टाकून द्यायचं?’ हे विचारा. विकणाऱ्या बाईला ते सांगता येत नसेल तर जुडी तिथेच ठेवा. शिजवण्याआधी एक काडी पानासकट बाजूला काढून ठेवा. जेवणानंतर घशाला सूज, उलट्या किंवा भ्रम वाटला तर घरगुती उतारे करत बसू नका, मुद्दाम ओकारी काढू नका. 108 ला फोन करा आणि ती काडी डॉक्टरांच्या हातात द्या.