कधी बाई, कधी बाप्या?

प्रवाही लिंगभावाचा विषय निघाला की पहिला शेरा ठरलेला: ‘ही सगळी मनाची लहर.’ लहर आवरता येते. आपण बाई आहोत, पुरुष आहोत, दोन्ही आहोत की कुणीच नाही, ही आतली जाणीव ठरवून आणता येत नाही की घालवता येत नाही. काहींची ही जाणीव काळानुसार बदलते. काही जण सांगतात, की ती भावनांशी बांधलेली असते: हुरूप असला की एक, भीती दाटली की दुसरी. म्हणजे रडू आलं की पुरुषाची बाई होते, असं मात्र नव्हे. रडण्याला लिंग नसतं.

मग हा आजार? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लिंगभावातली विसंगती मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. ते २०२२ पासून लागू झालं. भावनांसोबत बदलणारी ही जाणीव म्हणजे बायपोलर आजारही नव्हे; त्यातले चढउतार निराळे. लपूनछपून जगताना नैराश्य आलं, तर उपचार नैराश्यावर व्हावेत, ओळखीवर नव्हे.

‘हे पाश्चात्त्यांचं खूळ’ असं निदान सोलापुरात तरी कुणी म्हणू नये. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष, म्हणजे जोगते, इथल्या लोकांना नवे नाहीत: गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, साथीला चौंडकं. काही कायम साडीत वावरतात, काही देवीच्या कार्यापुरती साडी नेसतात. अर्थात प्रत्येक जोगता प्रवाही लिंगभावाचा नसतो. शिवाय केसांत जट आली म्हणून घरच्यांनीच देवीला सोडलेलेही त्यांत असतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणून या परंपरेचे नुसते गोडवे गाणं मला पटत नाही. पण लिंगभावाच्या दोनच पेट्या नसतात, हे आपल्या समाजाला ठाऊक होतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येतही ‘जोगता’ हा शब्द आला.

ऑपरेशन केल्याशिवाय ओळख खरी नाही, हाही समज पक्का. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा ठरवलं.

राहता राहिलं ‘आपल्याकडे गावात हे चालत नाही.’ तृतीयपंथी असणं आणि लिंगभाव प्रवाही असणं एकच नव्हे. तरीही सोलापूर जिल्ह्यातल्याच माळशिरस तालुक्यात, तरंगफळच्या मतदारांनी २०१७ मध्ये ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंचपदी निवडून दिलं.