बारावीनंतर आरोग्य-शिक्षण : धंदेवाल्या घरांनी काय पाहावे

बारावी सायन्सचा निकाल लागला की मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या आपल्या मोहल्ल्यांत एकच सवाल ऐकू येतो, 'डॉक्टरीला नंबर लागेल का?' लागला तर मिठाई. नाही लागला तर मुलगा एक साल घरी बसून पुन्हा 'नीट' देतो, मग आणखी एक साल, आणि तिसऱ्या साली वालिद त्याला मुकाट्याने दुकानावर किंवा लूमवर बसवितात. सायन्सची दोन वर्षे, क्लासची फी, घरातल्या बाईचा मोडलेला दागिना, सर्व पाण्यात जाते. आम्ही कापडाचा व्यवहार करणारी माणसे, शिक्षणतज्ज्ञ नव्हे. परंतु भांडवल कोठे अडकते आणि कोठे फिरते एवढे धंद्याने आम्हाला शिकविले आहे, आणि त्याच नजरेने हा विषय येथे मांडीत आहोत.

२०२४ साली नीटला सुमारे २३ लाख मुले-मुली बसली. एम.बी.बी.एस.च्या साऱ्या देशातील जागा तेव्हा १ लाख १० हजारांच्या आसपास होत्या, आणि त्यांतील जवळपास निम्म्या खाजगी संस्थांकडे, जेथली फी लूमच्या कमाईत बसत नाही. वीस गिऱ्हाइके आणि थान एक, असा हा बाजार आहे. हुशार मुलाने जरूर प्रयत्न करावा. मराठीप्रमाणे २०१८ पासून उर्दूतही ही परीक्षा देता येते, तेव्हा भाषेचा बहाणा आता उरलेला नाही. मात्र डॉक्टर एकटा दवाखाना चालवीत नाही. त्याच्यामागे नर्स, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, एक्स-रेवाला, ऑपरेशन थिएटरचा माणूस, फिजिओथेरपिस्ट अशी मोठी फौज असते. या प्रत्येकाची वेगळी तालीम आहे, वेगळा दाखला आहे आणि वेगळी रोजी आहे. आपल्या घरांतून या दारांकडे कोणी बघत नाही.

आपण व्यापारी, म्हणून आधी औषधाच्या दुकानाचे बोलू. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्यासोबत बायोलॉजी किंवा गणित असलेल्या मुलाला डी.फार्म. करता येते. कोर्स दोन वर्षांचा, त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष काम. प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो, नीट लागत नाही. बी.फार्म. चार वर्षांची, तिला राज्याची सीईटी. बी.फार्म. झालेल्याला औषध कंपनीत उत्पादन, तपासणी, विक्री अशा शाखा खुल्या होतात, डी.फार्म. झालेल्याला मुख्यतः दुकान आणि हॉस्पिटलची फार्मसी. ज्या घराचा गाळा आधीच बाजारात आहे आणि ज्याला गिऱ्हाईक सांभाळण्याची सवय आहे, त्या घराला डी.फार्म. फार सोयीची आहे. किरकोळ दुकानाच्या परवान्यास निदान १० चौरस मीटर जागा, औषधे थंड ठेवण्यास फ्रीज आणि विक्रीच्या वेळी नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर, या मुख्य अटी आहेत. परवाना अन्न व औषध प्रशासन देते.

येथे एक गोष्ट खुलेपणाने लिहिणे भाग आहे. आपल्यातील काही बांधव दुसऱ्याचे सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्याने घेऊन मेडिकल चालवितात. सर्टिफिकेटचा धनी पुण्यात नोकरी करतो आणि त्याची फ्रेम येथे भिंतीवर लटकते. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देण्याचा हक्क नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. मोडल्यास दंड आहे आणि कैदही. परवान्याचे काम ऑनलाइन झाल्यापासून एकच नाव दोन जागी असले तर ते लपत नाही. दुकान बंद पडते, भरलेला माल तारीख उलटून फुकट जातो. कापड शिळे झाले तर निम्म्या भावात तरी विकते, औषधाचे तसे नाही. शिवाय चुकीची गोळी कोणाच्या लेकराच्या पोटात गेली तर त्या कमाईला हलाल कसे म्हणावे? भाड्यावर वर्षानुवर्षे जो पैसा जातो, त्यात घरचाच एक मुलगा किंवा मुलगी शिकून फार्मासिस्ट होते.

आता नर्सिंग. मुलीला नर्स करायचे म्हटले की आपल्याकडे चेहरे उतरतात. हे आम्हाला कधी समजले नाही. हजरत रुफैदा असलमिया (रजि.) यांचा तंबू मदीनेच्या मशिदीत होता आणि जखमींची सेवा त्यात होत असे, हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणाला बाई डॉक्टर आणि बाई नर्सच हवी असा हट्टही धरतो. मग त्या बाया कोणाच्या घरून यायच्या?

नर्सिंगची तीन दारे आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. आर्ट्सची बारावीही चालते. जी.एन.एम. तीन वर्षांचा, यालाही सायन्सची सक्ती नाही, आणि यात मुलेही जाऊ शकतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची. तिला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि राज्याची सीईटी लागते. म्हणजे जी मुलगी आर्ट्सला आहे तिच्यासाठीही रस्ता बंद नाही, हे अनेक पालकांना माहीतच नसते. सरकारी भरती, जिल्हा परिषद, खाजगी हॉस्पिटल आणि आखाती देश, असे हे क्षेत्र आहे. केरळच्या मुली दुबई-रियाधला जाऊन घरे उभी करतात. तेथे जाण्यास तेथील परवान्याची परीक्षा असते, साधारणतः दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि दाखल्यांची पडताळणी थेट ज्या संस्थेने ते दिले तिच्याकडून होते. कच्चा दाखला तेथे लगेच उघडा पडतो. प्रवेशापूर्वी होस्टेल, रात्रपाळी आणि गणवेशासोबत डोक्यावर ओढणी चालते की नाही, हे संस्थेला तोंडावर विचारावे. विचारण्यात लाज कसली?

टेक्निशियनच्या कोर्सांत फसवणूक सर्वांत जास्त आहे. 'एक वर्षात डिप्लोमा, नोकरीची हमी' असे बोर्ड दुकानांच्या वरच्या मजल्यांवर लागलेले आपण सर्व पाहतो. आमच्या ओळखीतील एका लूम कारागिराने मुलीला अशाच एका ठिकाणी लॅबचा कोर्स करविला. सुबक सर्टिफिकेट मिळाले, पण हॉस्पिटलने विचारले की कौन्सिलचा नोंदणी क्रमांक कोठे आहे? तो नव्हता, मिळणारही नव्हता. आपण थान उघडून, किनार पाहून, पन्हा मोजून मग भाव करतो. कोर्सची किनार म्हणजे नोंदणी. फार्मसीला महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल, नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. टेक्निशियन आणि तत्सम पन्नासहून अधिक व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ साली स्वतंत्र कायदा केला, त्याखाली कौन्सिल आणि नोंदवह्या आहेत. पैसे भरण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत. परीक्षा कोण घेते? आणि कोर्स झाल्यावर कोणत्या कौन्सिलमध्ये नाव नोंदते? उत्तर गोलमाल आले की उठून यावे.

पदवीचा खात्रीचा मार्ग म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, जे १९९८ साली स्थापन झाले. त्याची बी.पी.एम.टी. ही पदवी सरकारी मेडिकल कॉलेजांत शिकविली जाते, तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, रक्तपेढी अशा शाखा तीत आहेत. सरकारी असल्याने फी झेपण्यासारखी आणि रुग्णांची गर्दी असल्याने हात तयार होतो. मात्र लॅब टेक्निशियन होऊन स्वतःची लॅब टाकू, या हिशेबात राहू नये. तपासणीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर डॉक्टरची सही हवी, असे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. फिजिओथेरपीला आपल्या राज्यात नीट लागते, म्हणून नीटचा एकच निकाल हाती घेऊन एम.बी.बी.एस.शिवाय या यादीकडेही पाहावे. चष्म्याच्या धंद्यातील बांधवांनी ऑप्टोमेट्रीच्या चार वर्षांच्या पदवीची चौकशी करावी. घरचा मुलगा स्वतः डोळे तपासू लागला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी युनानी हा विषय वेगळा लिहिण्याजोगा आहे. बी.यू.एम.एस.ला नीट लागतेच, पण नब्ज, मिजाज, नुस्खा हे शब्द ज्याच्या कानावर लहानपणापासून आहेत त्याला तो अभ्यास जड जात नाही. साडेचार वर्षे अधिक एक वर्ष इंटर्नशिप. मालेगावचे मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज, मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचे, पुण्यात आझम कॅम्पसमधील, अक्कलकुव्याचे, अशी कॉलेजे आपल्याच संस्थांची आहेत. पदवीनंतर बरेच जण खाजगी हॉस्पिटलांत कमी पगारावर रात्रपाळीचे डॉक्टर म्हणून अडकून पडतात, हेही खरे. स्वतःचा मतब उघडण्याची तयारी असेल तरच या वाटेला जावे असे आमचे मत आहे.

फीचे म्हणाल तर खाजगी कॉलेजांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते आणि जाहीर करते. त्यावर एक रुपया जादा मागितला तर ते डोनेशन, आणि १९८७ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. पावतीशिवाय पैसा देऊ नये. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातील ज्या मुलींच्या घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांची मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांतील शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश सरकारी प्रवेश-फेरीतून व्हावा. दलालामार्फत मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी मिळत नाही, आणि व्याजाच्या कर्जाचे ओझे मग उरावर येते.

या सवलती आपल्या हातून बहुधा कागदांमुळे निसटतात. मोमीन-अन्सारी, बागवान, कुरेशी, पिंजारी अशा कित्येक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. दादा-परदादांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना जमिनीचा किंवा घराचा कागद. तो शोधण्यात महिने जातात, आणि प्रवेशाच्या फेरीत हातात दिवस मोजकेच असतात. ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांनी तहसील कार्यालयातून ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. जात-पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत टाकता येतो. ज्यांची मुले यंदा अकरावीत आहेत त्यांनी जुन्या पेट्या आताच उघडाव्यात.