क्यूच्या टोकावरचे चामडे

पूलच्या टेबलावर नजर, हिशेब आणि हाताचा अंदाज हे सारे खेळाडूचे असते, पण पांढऱ्या चेंडूपर्यंत ते पोहोचते एका लहानशा चकतीतून. क्यू म्हणजे खेळण्याची काठी; तिच्या टोकावरची ही टिप पूलमध्ये साधारण १२ ते १३ मिलिमीटर रुंद असते आणि स्नूकरमध्ये ९ ते १०. टिप आणि चेंडू एकमेकांना लागून असतात जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेळ. चेंडूचा वेग, दिशा आणि फिरकी तेवढ्यात ठरून जाते. त्यानंतर खेळाडूच्या हातात काही उरत नाही.

ही चकती दोनशे वर्षांपासून चामड्याची आहे. दरम्यान खेळातल्या इतर कितीतरी वस्तू पालटल्या. हस्तिदंती चेंडू गेले, टिपेखाली क्यूच्या टोकावर बसवलेले हस्तिदंती फेरूल गेले आणि आता क्यूच्या लाकडी दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, जागी कार्बन फायबरचे शाफ्ट येऊ लागले आहेत. कृत्रिम टिपाही बाजारात आहेत. तरीही बहुतेक व्यावसायिक खेळाडू रोजच्या खेळासाठी चामडेच निवडतात. असे का होते आणि कृत्रिम टिपेची खरी गरज कोणाला आहे, हे नीट पाहायला हवे. माझ्या मते ही गरज विजेत्यांपेक्षा नवशिक्यांना जास्त आहे आणि रायपूरसारख्या शहरात ती चटकन लक्षात येते.

मध्य प्रांतातला खेळ

रायपूरकर ज्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात, तो तेलीबांध्याचा तलाव संध्याकाळी तरुणांनी गजबजलेला असतो. या वयाच्या मुलामुलींना पूल हा शहरी, परदेशी खेळ वाटतो. पण टेबलावरच्या या खेळांपैकी एकाचा जन्म आपल्याच शेजारी झाला आहे. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून स्नूकर सुरू केला. पुढे त्याचे नियम उटकमंडच्या, म्हणजे उटीच्या, क्लबात लिहिले गेले. त्या वेळी जबलपूर आणि रायपूर दोन्ही मध्य प्रांतात होते आणि प्रांताचा कारभार नागपुरातून चालत असे. त्यामुळे नागपूर-रायपूर पट्ट्यातल्या मराठी माणसाला हा खेळ परका मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राचे नातेही जुने आहे. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद जिंकले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईचे मायकेल फरेरा, यासीन मर्चंट, देवेंद्र जोशी आणि अशोक शांडिल्य यांनी पुढे हा वारसा चालवला. बिलियर्ड्स आणि स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणी याचा जन्मही पुण्याचाच. एवढी परंपरा असताना ज्या वस्तूवर सगळा खेळ टेकलेला आहे, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले-बोलले जात नाही.

चामड्याने काय दिले

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत क्यूचे टोक नुसते लाकडी असे. चेंडूच्या मध्यावर मारले तर ठीक, जरा बाजूला मारले की टोक घसरे. फ्रेंच सैन्यातला फ्रान्स्वा मिंगो पॅरिसमध्ये कैदेत होता. १८०७ च्या सुमारास त्याने क्यूच्या टोकाला चामड्याची चकती लावली, असे श्रेय त्याला दिले जाते. त्यानंतर चेंडूच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मारता येऊ लागले. चेंडू मागे खेचणे, पुढे पळवणे, टेबलाच्या कडेच्या उशीवर आपटल्यावर त्याची वाट वाकवणे हे सगळे त्या चकतीमुळे शक्य झाले.

चामडे एकटे मात्र पुरत नाही, त्याला खडू लागतो. आज आपण जो निळा चौकोनी खडू वापरतो, त्याचे पेटंट विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये अमेरिकेत घेतले. शाळेतल्या खडूशी त्याचा संबंध नाही. त्यात सिलिका आणि कुरुंदासारखे कठीण, धारदार कण असतात. चामड्याच्या तंतूंमध्ये हे कण अडकून बसतात आणि फटक्याच्या क्षणी चेंडूच्या गुळगुळीत पृष्ठभागाला पकडतात.

ही पकड मोजता येते. खडू लावलेली चांगली टिप आणि चेंडू यांच्यातला घर्षणांक ०.६ च्या आसपास असतो. त्यावरून असे निघते की चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत टिप न घसरता मारता येते. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे मर्यादा मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटर. त्यापलीकडे गेलात की मिसक्यू, म्हणजे टिप घसरणे, ठरलेले. ही मर्यादा डोळ्यांनी पाहायची असेल तर पट्ट्याचा चेंडू पट्टा आडवा ठेवून समोर ठेवावा. पट्ट्याची वरची आणि खालची कड साधारण त्याच अंतरावर येते.

यातून एक मोठा गैरसमज दूर होतो. मऊ टिप जास्त फिरकी देते, असे क्लबात नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात फिरकी ठरते चेंडूच्या मध्यापासून किती दूर आणि किती वेगाने मारले यावर. टिपेचे काम पकड सोडू न देण्याचे. मऊ असो वा कडक, पकड टिकली तर फिरकी मिळते. कृत्रिम टिपेची परीक्षाही याच एका प्रश्नावर व्हायला हवी.

चामड्याच्या अडचणी

चामडे म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचे जाळे. ते हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. तबल्याची पुडी जशी पावसाळ्यात उतरते, तशीच टिपही हवेप्रमाणे बदलते. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तीच हवा ओलसर होते. उन्हाळ्यात टिप वाळून टणक होते, तिचा पृष्ठभाग चकाकू लागतो आणि खडू धरत नाही. पावसाळ्यात ती फुगते, फटक्यागणिक दबत जाते आणि तिच्या कडा फेरूलच्या बाहेर पसरतात.

दुसरी अडचण अशी की कोणत्याही दोन टिपा हुबेहूब सारख्या नसतात. कातड्याचा कोणता भाग, जनावराचे वय, कमावण्याची रीत या सगळ्यांचा फरक पडतो. एका डबीतल्या दोन टिपाही वेगळ्या वागतात. यावर उपाय म्हणून जपानी कारागिरांनी डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून टिपा बनवल्या. त्या जास्त एकसारख्या असतात आणि आकारही चांगला टिकवतात, पण त्या महाग पडतात. शिवाय आपल्याकडे कित्येक खेळाडूंना डुकराचे, काहींना गाईचे आणि काहींना कोणत्याच जनावराचे कातडे नको असते. ही भावना आदराने घ्यायची गोष्ट आहे. खेळ शिकायचा म्हणून कोणावर तिला मुरड घालण्याची वेळ येऊ नये.

पहिला कृत्रिम पर्याय: टणक राळ

चेंडूंच्या बाबतीत हा प्रवास आधीच झाला आहे. हस्तिदंत दुर्मीळ होऊ लागले, तेव्हा अमेरिकेतल्या फेलन आणि कॉलेंडर या कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या शोधातून जॉन वेस्ली हायट सेल्युलॉइडपर्यंत पोहोचला आणि प्लॅस्टिकच्या उद्योगाला चालना मिळाली. आज बेल्जियममध्ये बनणारे फिनॉलिक रेझिनचे चेंडू जगभर वापरले जातात. हस्तिदंताची उणीव आता कोणालाही भासत नाही, कारण नवा चेंडू जास्त गोल, जास्त समतोल आणि जास्त टिकाऊ आहे.

हेच फिनॉलिक रेझिन टिपेतही आले. कापडाचे थर राळेत भिजवून, दाबाखाली तापवून केलेली ही चकती आपल्या कारखान्यांतल्या हायलम शीटच्या जातीची असते. त्यासोबत काचतंतू आणि इपॉक्सी यांच्या जी-१० नावाच्या पत्र्यापासूनही टिपा निघाल्या. त्या जवळजवळ दबतच नाहीत. चामड्याची टिप फटक्यातली काही ऊर्जा आपल्यातच जिरवते, टणक टिप ती चेंडूला देऊन टाकते. टक्करीतली उसळी मोजणारा अंक चामड्यासाठी ०.७ ते ०.७५ च्या घरात, तर फिनॉलिकसाठी ०.८ च्या वर जातो. क्यू त्याच वेगाने आला तरी चेंडूला पाच-सहा टक्के जास्त वेग मिळतो. म्हणून या टिपा ब्रेकच्या, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्याच्या, आणि चेंडू उडवण्याच्या क्यूवर बसल्या.

त्यांच्या मर्यादाही लवकर दिसल्या. इतक्या कठीण पृष्ठभागात खडूचे कण रुतत नाहीत, त्यामुळे मध्यापासून दूर मारताना घसरण्याची भीती वाढते. पांढऱ्या चेंडूवर खुणा पडतात, अशीही तक्रार असते. काही स्पर्धांनी ब्रेकसाठी या टिपांना मनाई केली. जागतिक पूल संघटनेच्या साधनविषयक नियमांत टिप खास प्रक्रिया केलेल्या चामड्याची किंवा दुसऱ्या तंतुमय अथवा लवचीक पदार्थाची असावी, आणि चेंडूला ओरखडा पडेल अशी ती नसावी, असे म्हटले आहे. या शब्दांतून कृत्रिम टिपेचे दार उघडे राहते आणि तिने कसे असायला हवे हेही कळते. तिच्यात तंतू हवेत, लवचिकता हवी आणि चेंडूला इजा होता कामा नये. टणक राळेने ताकद दिली, पण खेळण्याच्या टिपेचे काम तिच्या आवाक्याबाहेर राहिले.

दुसरा पर्याय: तंतू आणि लवचिकता

आता लक्ष आहे ते चामड्याची रचना उसनी घेणाऱ्या पदार्थांकडे. कृत्रिम चामड्यात नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे अतिसूक्ष्म तंतू न विणता एकमेकांत गुंतवतात आणि त्यात पॉलियुरेथेन भरतात. असा पदार्थ दाबला जातो, परत उसळतो आणि खरडला तर त्याचा पृष्ठभाग लवदार होतो. खडूचे कण बसायला त्यात जागा मिळते. पाणी तो फारसे शोषत नाही. शिवाय प्रत्येक चकती एकाच कृतीने बनते, त्यामुळे आजची टिप आणि सहा महिन्यांनंतर विकत घेतलेली टिप यांत फरक राहत नाही.

दुसऱ्या खेळांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. फुटबॉलच्या विश्वचषकात १९८६ मध्ये मेक्सिकोत प्रथमच संपूर्ण कृत्रिम चेंडू वापरला गेला आणि त्यानंतर चामडे परतले नाही. भिजून जड होणारा चेंडू कोणालाच नको होता. उलट अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये २००६ साली कृत्रिम चेंडू आणला, तेव्हा खेळाडूंनी बोटांना कापते, घाम लागला की घसरतो अशा तक्रारी केल्या आणि १ जानेवारी २००७ पासून चामड्याचा चेंडू परत आला. दोन्ही उदाहरणांचा अर्थ एकच. टिकाऊपणा ही पायरी दुसरी आहे, पहिली पायरी खेळाडूच्या हाताला हवी असलेली पकड. ज्या कृत्रिम टिपेची जाहिरात केवळ ‘वर्षभर चालते’ अशी असेल, तिच्याकडे जरा संशयाने पाहावे.

टिप निवडताना

टिप कृत्रिम असो वा चामड्याची, तीन गोष्टी घरच्या घरी तपासता येतात. खडू एकदा फिरवल्यावर पृष्ठभाग सगळीकडे सारखा निळा दिसायला हवा. चकाकणारे डाग राहिले तर ती जागा घसरणार. दुसरी गोष्ट गोलाई. सपाट टिप कडेवर मारते आणि निसटते. २०११ नंतर आलेल्या एक रुपयाच्या नाण्याचा व्यास २० ते २२ मिलिमीटर आहे. ते टिपेवर उभे धरले आणि दोन्हींची वक्ररेषा जुळली, तर पूलच्या टिपेचा आकार योग्य समजावा. तिसरी गोष्ट चिकटवण्याची. चामड्याच्या तळात गोंद मुरतो, कृत्रिम तळात तो मुरेलच असे नाही. हा तळ आधी पॉलिश पेपरने सपाट आणि खरखरीत करून घ्यावा, नाहीतर दोन-चार ब्रेकमध्ये टिप उडते.

खरी गरज कोणाची

जो खेळाडू स्वतःचा क्यू पेटीतून आणतो, टिप दर आठवड्याला घासून गोल करतो आणि हवेप्रमाणे फटका जुळवून घेतो, त्याला चामड्याने फारसे अडत नाही. अडते ते तासाच्या दराने टेबल घेणाऱ्या मुलाचे. त्याच्या वाट्याला भिंतीवरच्या रॅकमधला क्यू येतो. त्याची टिप वाळलेली, पसरलेली किंवा अर्धी उडालेली असते. जुन्या क्लबांत टिपा बदलणे, घासणे हे काम मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारा माणूस, निगुतीने करत असे. तेलीबांधा असो, नागपूरचे धरमपेठ असो की पुण्यातली एखादी पेठ, आजच्या बहुतेक ठिकाणी ते काम कोणाच्याच वाट्याला आलेले नाही. टिप घसरते, चेंडू भलतीकडे जातो आणि मुलगा समजतो की आपल्याला हा खेळ जमत नाही. तो चेंडूच्या मध्याबाहेर मारायचे सोडून देतो. ज्या फटक्यांत या खेळाचा सगळा आनंद आहे, ते तो शिकतच नाही.

म्हणून लवचीक, तंतुमय कृत्रिम टिपेची जागा आधी या सार्वजनिक क्यूंवर आहे. हवेने न बदलणारी, प्रत्येक क्यूवर सारखी वागणारी आणि कोणाच्या श्रद्धेला न दुखावणारी टिप नवशिक्याला हमी देते की चूक झाली तर ती त्याचीच, आणि म्हणून ती सुधारता येईल. शिकण्यासाठी याहून मोलाचे काही नाही. जालंधर आणि मेरठचे कारखाने कृत्रिम चामड्याची क्रीडासाधने बनवतात. पदार्थ आणि कसब दोन्ही देशात आहे. क्लबचालकांनी मागणी केली आणि खेळाच्या संघटनांनी टिपांची पकड तपासून प्रमाण ठरवून दिले, तर स्वस्त आणि भरवशाची भारतीय टिप बनायला फार काळ लागणार नाही. विल्सन जोन्स यांच्या देशात पुढचा विजेता कदाचित रॅकवरच्या क्यूनेच पहिला फटका मारेल. तो क्यू त्याच्या हातात धड असावा, एवढी व्यवस्था आपण करायलाच हवी.